वेळासची कासवं : पुळण राखली गेली, समुद्राचं काय?

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या दक्षिणेला वेळास हे गाव आहे. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. खाडीपलीकडे हरिहरेश्वर, म्हणजे रायगड जिल्हा. नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याची घरं, मग सुरूचं बन आणि त्यापुढे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. इतिहास वाचणाऱ्यांना हे गाव नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून माहीत असायचं, बाकीच्यांना बहुधा नसायचंच. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र वेळास म्हटलं की कासव, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की पुण्या-मुंबईची मंडळी फेब्रुवारी लागला की ‘यंदा पिल्लं कधी?’ असं विचारू लागतात.

हे समीकरण कसं जमलं, त्यात प्रबोधनाचा वाटा नेमका किती आणि कोणत्या प्रकारचा, आणि जिथे ते लागू पडलं नाही तिथे का पडलं नाही, हे तपासण्यासाठी हा प्रकरण अभ्यास. वेळासची गोष्ट आजवर बहुतेक वेळा यशोगाथा म्हणून सांगितली गेली. ती आहेच. पण यशोगाथा म्हणून सांगताना तिच्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हातातून निसटतो, असं मला वाटतं.

आधीची स्थिती

ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासवांमधलं लहान चणीचं कासव. पाठीचं कवच साधारण दोन-सव्वादोन फूट, वजन पस्तीस ते पन्नास किलो. मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे वल्ह्यासारख्या चपट्या पायांनी, दीड फुटाच्या आसपास खोल, खाली फुगीर असा खड्डा करते, त्यात शंभराच्या आगेमागे अंडी घालते, खड्डा बुजवते, स्वतःचं अंग आपटून वाळू दाबते आणि निघून जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याच्या किनाऱ्यांवर हीच कासवं लाखांच्या संख्येने एकाच वेळी येतात. आपल्याकडे तसं नाही. कोकणात माद्या एकेकट्या येतात, नोव्हेंबर ते मार्च या काळात, कुठल्याही रात्री, कुठल्याही पुळणीवर.

एकेकट्या येण्याचा हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. अंडी उचलणं हा गुन्हा आहे. पण चार-पाच महिन्यांच्या हंगामात, रात्रीच्या अंधारात, मैलोन्‌मैल किनाऱ्यावर कधीतरी एक मादी येणार, आणि तिचं घरटं उजाडायच्या आत कुणीतरी उकरणार. तालुक्याच्या गावी बसलेला वनरक्षक इथे काय करणार?

उकरणारा कुणी अट्टल तस्कर नव्हता. किनाऱ्यावरच्या गावांत कासवाची अंडी खाणं किंवा चार पैशांना विकणं ही जुनी, कुणालाही वावगी न वाटणारी गोष्ट होती. घरटं शोधणं हे मात्र कौशल्याचं काम. मादीच्या वल्ह्यांचे एकाआड एक उमटलेले ठसे पाण्यापासून वर जातात आणि परत येतात. जिथे ते वळतात तिथली वाळू विस्कटलेली असते. त्या विस्कटलेल्या जागेत नेमकं कुठे खणायचं हे काठी खुपसून कळतं. काठी सहज आत गेली आणि टोक चिकट होऊन वर आलं की समजायचं. माणसांनी सोडलेली घरटी कोल्हे, कुत्रे, रानडुकरं आणि घोरपडी संपवत.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आपल्याकडे बहुतेक जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. कूर्मावतार सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच गावांत अंडी खाल्ली जात होती आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नव्हती. ‘आपली संस्कृती मुळातच निसर्गपूजक आहे’ असं भाषणात ठोकून देणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा. श्रद्धा असते, पण ती देवळातल्या दगडावर असते. पुळणीतल्या अंड्यापर्यंत तिला कुणीतरी हात धरून न्यावं लागतं.

२००२ : शोध एका पक्ष्याचा, सापडली टरफलं

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२पासून कोकणात काम करत होती. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरून पाकोळ्यांच्या घरट्यांची जी तस्करी चालायची, तिच्याविरुद्ध याच संस्थेने आवाज उठवला होता. २००२मध्ये संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनारा पालथा घालत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की इथे कासवं दर वर्षी येतात, आणि अंडीही दर वर्षी जातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं विणीसाठी येतात हे अभ्यासकांना अगदीच नवं नव्हतं, पण कुठे, किती आणि त्यांचं पुढे काय होतं, याची पद्धतशीर नोंद जवळजवळ नव्हतीच.

यानंतर संस्थेसमोर दोन वाटा होत्या. एक, वनखात्याला कळवायचं आणि अंडी नेणाऱ्यांवर कारवाई करायला लावायची. दुसरी, गावात बसायचं. त्यांनी दुसरी धरली, आणि या सगळ्या प्रकरणाचा कणा मला या एका निर्णयात दिसतो.

ज्या माणसांना वाळूवरचा माग ओळखता येतो, त्यांनाच पहाटे किनारा फिरायचं काम दिलं गेलं. त्याचं मानधन ठरलं. घरटं शोधायचं, अंडी काढायची, फक्त ती घरी न नेता कुंपणातल्या सुरक्षित जागेत पुन्हा पुरायची. कौशल्य तेच, पहाट तीच, बदलला तो शेवटचा टप्पा. पहिल्याच हंगामात वेळासला ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

प्रबोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळेतला स्लाइड शो येतो, भित्तिपत्रक येतं, निबंध स्पर्धा येते. ते सगळं पुढे झालंही. पण वेळासमध्ये पहिला धडा दिला गेला तो अंडी शोधणाऱ्यालाच, आणि तो ‘असं करू नका’ या शब्दांत दिला गेला नाही. तुला जे येतं ते आम्हाला येत नाही, ते तू कासवासाठी वापर, असा त्याचा आशय होता. त्यात त्या माणसाचा अपमान नव्हता. उलट, ज्या माहितीला गावात काडीची किंमत नव्हती, तिला पगार मिळू लागला. पुढे या मंडळींना ‘कासवमित्र’ हे नाव पडलं. कोकणात कुठल्याही किनाऱ्यावर आज कासवांबद्दल विचारायचं झालं तर लोक आधी कासवमित्राचं घर दाखवतात.

कुंपणाच्या आत

हॅचरी म्हणजे सुरूच्या बनालगत, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी जाळीचं कुंपण घालून केलेलं लहानसं आवार. ऐकायला साधं, पण यात चुकायला भरपूर जागा आहे.

अंडी घातल्यावर काही तासांच्या आत हलवावी लागतात. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटसुलट झालं की तो मरतो. म्हणून जे अंडं ज्या स्थितीत सापडलं त्याच स्थितीत उचलायचं, बादलीत खाली मूळची ओली वाळू घ्यायची, हिसके द्यायचे नाहीत. नवा खड्डा मूळ घरट्याएवढाच खोल आणि त्याच आकाराचा करायचा. बाहेर पाटी लावायची, तिच्यावर घरटं सापडल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालायची, म्हणजे वर आलेली पिल्लं कावळ्याच्या किंवा खेकड्याच्या तावडीत जात नाहीत. मग सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं.

यातली प्रत्येक पायरी गावातली माणसं शिकली, आणि त्यांनी पुढच्या गावांतल्या माणसांना शिकवली. आंजर्ले, केळशी, कोळथरे, दाभोळ, गुहागर, गावखडी, उत्तरेला हरिहरेश्वर आणि दिवेआगर, खाली सिंधुदुर्गात तांबळडेग आणि वायंगणी अशी ही साखळी पसरली. वेळासच्या बाहेर हे काम कसं गेलं याचं उत्तर अहवालांत शोधण्यात अर्थ नाही. एका किनाऱ्यावरचा माणूस दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊन खड्डा कसा खणायचा ते दाखवतो, काम तसं गेलं. पुढे वनविभाग, २०१२मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष आणि नंतरचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी कामाची व्यवस्था आणि खर्च उचलला, त्यामुळे ते एका संस्थेच्या खिशावर अवलंबून राहिलं नाही.

महोत्सव

मानधनावर दोन-चार माणसं राखणदार होतील, गाव होणार नाही. हे लक्षात आल्यावर काही वर्षांतच कासव महोत्सव सुरू झाला. कल्पना अशी की पिल्लं बाहेर येण्याच्या काळात बाहेरच्या लोकांना बोलवायचं, त्यांना पिल्लं समुद्रात जाताना दाखवायची. गावात तेव्हा हॉटेल नव्हतं, म्हणून पाहुण्यांची सोय घराघरांत झाली. माजघरात सतरंज्या, पडवीत पंगत, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आणि आग्रह केला तर उकडीचे मोदक.

हा पैसा कोणाच्या हातात गेला हे पाहण्यासारखं आहे. कोकणातल्या घराचं अर्थकारण मुंबईला गेलेल्या मुलाच्या पैशावर आणि आंब्यावर चालतं. फेब्रुवारी-मार्च हा आंब्याचा पैसा हातात यायच्या आधीचा काळ. नेमक्या त्या दिवसांत रोख पैसा येऊ लागला, आणि तो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाताला आला. अंड्यांचा धंदा पहाटे पुळणीवर फिरणाऱ्या मोजक्या पुरुषांचा होता. पाहुण्यांचा धंदा घरातल्या बायकांचा झाला. परिणामी अंडी उचलणारा कुणी उरलाच असता, तर त्याला अडवायला वनरक्षक यायची गरज नव्हती. ज्या घरात पुढच्या शनिवारी दहा पानं बसणार आहेत, त्या घरातली बाई त्याला गप्प बसू देणार नव्हती.

कोकणात पर्यटनाच्या नावाखाली जे चाललंय, म्हणजे पुळणीवर चारचाकी घालणं, वाळूत अडकवणं आणि मग जेसीबी बोलावणं, ते पाहिलं की वेळासने किती संयमाने हे काम जमवलं ते उमगतं. पाहुण्यांनी दोरीच्या मागे उभं राहायचं, पिल्लाला हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पिल्लं पाण्यापासून काही अंतरावर सोडायची, म्हणजे ती स्वतः चालत जातील. हे नियम पाळून घ्यायचं काम गावातलीच तरुण मुलं करतात, आणि शहरातल्या मोठ्या माणसाला गावातला विशीचा पोरगा ‘काका, मागे व्हा’ म्हणतो तेव्हा काका मागे होतात.

कोण काय शिकलं

पाहुणा काय शिकतो? प्रामाणिकपणे सांगायचं तर फार नाही. तो दहा मिनिटं पिल्लं पाहतो, पाचेक गोष्टी ऐकतो, फोटो काढतो. त्याचं कुतूहल खरं असतं, लहान मुलांचं तर फारच खरं. पण रविवारी संध्याकाळी परतीच्या वाटेवर तो हॉटेलात सुरमई मागवतो तेव्हा ती कोणत्या जाळ्यातून आली, त्या जाळ्यात आणखी काय सापडलं, हा प्रश्न त्याला पडत नाही. आपण त्याला तो प्रश्न दिलेलाच नसतो.

गावातली मुलं काय शिकतात ते वेगळं. त्यांना पाटीवरची तारीख बघून पिल्लं कधी येतील याचा अदमास बांधता येतो. थंडी लांबली की दिवस वाढतात हे त्यांना पाठ्यपुस्तकाशिवाय माहीत असतं. वाळूचं तापमान आणि पिल्लाचं लिंग यांचा संबंध त्यांनी तज्ज्ञांकडून ऐकलेला असतो. वाळू साधारण एकोणतीस-तीस अंश सेल्सियसच्या वर गेली की माद्या जास्त, खाली राहिली की नर जास्त. समुद्री कासवांचं लिंग बीजातच ठरत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. वीस वर्षांपूर्वी हंगामाच्या पहिल्या रात्री टोपली धरायला उभी राहिलेली मुलं आज बाप्ये झाली आहेत. वेळासमधलं खरं शिक्षण या पिढीचं झालं, आणि त्याला वीस वर्षं लागली. एका मोसमात जागृती करून निधीचा अहवाल सादर करणाऱ्या योजनांनी हा काळ लक्षात घ्यायला हवा.

पिल्लांचा आकडा

आता अवघड भागाकडे येऊ. वेळासचं यश मोजलं जातं ते सोडलेल्या पिल्लांच्या संख्येत. बातमी तीच होते, पाटीवर तेच लिहिलं जातं. पण हजार पिल्लांतलं साधारण एक मोठं होतं असा ढोबळ अंदाज दिला जातो. म्हणजे पहिल्या वर्षीच्या २,७३४ पिल्लांतून दोन किंवा तीन प्रौढ कासवं. मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. आपण २००३मध्ये सोडलेली एखादी मादी जगली असेल तर ती २०१३ ते २०१८च्या सुमारास अंडी घालायला परतू लागली असेल. तळहातावर मावणाऱ्या पिल्लाला टिकाऊ खूण करता येत नसल्याने, आलेली मादी आपलीच हे सांगायला मार्ग नाही. हा निकाल वीस वर्षांनी लागतो आणि लागल्यावरही वाचता येत नाही, हे कासवांच्या कामाचं वैशिष्ट्य.

त्यातून महोत्सवाने एक ओढ निर्माण केली. पाहुण्यांना उजेड हवा. पिल्लं मात्र निसर्गात बहुतेक अंधारात बाहेर येतात, वाळू थंड झाल्यावर. बाहेर आल्यावर पहिले काही तास ती अतिशय जोमात असतात आणि तो जोम त्यांना लाटा ओलांडून खोल पाण्यात नेतो. रात्री दोन वाजता आलेली पिल्लं टोपलीखाली सकाळी सातपर्यंत थांबली, तर त्या जोमातला बराचसा भाग टोपलीच्या भिंतीला धडका देण्यात जातो. उजेडात सोडली की वर घारी-कावळे असतात. टोपली रात्रीतूनही अनेकदा तपासणं, पिल्लं वर आल्या आल्या जाऊ देणं, हे शास्त्राला धरून आहे. ते पाहुण्यांच्या वेळापत्रकाला धरून नाही.

दुसरा मुद्दा हॅचरीचाच. मूळ किनाऱ्यावर एक घरटं सुरूच्या सावलीत असतं, दुसरं उघड्यावर, तिसरं ओलाव्याच्या जवळ, त्यामुळे नर-माद्यांचं मिश्रण आपोआप होतं. सगळी अंडी एका उघड्या आवारात पुरली की सगळ्यांना एकच ऊन. मार्च-एप्रिलमधली उशिराची घरटी तर फारच तापतात. तापमान तेहतीस-चौतीसच्या पुढे गेलं की अंडी मरू लागतात. सावलीची जाळी, पाण्याचा हलका शिडकावा, आणि जिथे धोका कमी आहे तिथे घरटं हलवायचंच नाही, त्यालाच जागच्या जागी जाळी लावायची, हे यावरचे उपाय अभ्यासकांनी सांगितले आहेत. जागच्या जागी राखणं सगळ्यात चांगलं, पण त्याला राखणदार जास्त लागतात. पाच किलोमीटरवर विखुरलेली वीस घरटी कोण राखणार? म्हणजे पुन्हा प्रश्न माणसाच्या रोजगाराकडेच येतो.

मी हे दोष म्हणून सांगत नाही. शंभर टक्के अंडी जात होती तिथे हॅचरी हाच पहिला उपाय होता, आणि पाहुण्यांशिवाय गाव उभं राहिलं नसतं. पण जी युक्ती संकटाच्या काळी योग्य असते तीच पुढे सवय होऊन बसते. गावाने अंडी खाणं केव्हाच सोडलं असेल, तर सगळी घरटी उचलायची सवय आता कशासाठी, हे दर हंगामाला विचारलं पाहिजे.

२०२०ने पर्यटनावरची भिस्त किती नाजूक आहे तेही दाखवलं. मार्चमध्ये ऐन हंगामात टाळेबंदी आली, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं. मंडणगड-दापोली-श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळी-पोफळी झोपल्या, घरांची छपरं उडाली. पोफळीची बाग पुन्हा उभी राहायला वर्षं लागतात. पुढच्या हंगामात कासवं आली, आणि पुळणीवर पहाटेची फेरीही झाली. त्या वर्षी पाहुण्यांच्या पैशाने नव्हे, तर सवयीने आणि सरकारी मानधनाने काम चाललं. हे मला महोत्सवाच्या गर्दीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

वाळूपलीकडे

कासव आयुष्यातला जवळजवळ सगळा काळ समुद्रात काढतं. मादी दर हंगामात काही तासांसाठी किनाऱ्यावर येते, नर तर येतच नाही. आपलं सगळं संरक्षण मात्र वाळूवर आहे. याचं कारण प्रबोधनाच्या अंगाने पाहिलं तर सरळ आहे. वाळूवर गावाचं काहीतरी आहे, पाहुणे आहेत, मान आहे. पाण्यात कासव मेलं तर कुणाचंच काही जात नाही.

ऑलिव्ह रिडलेला श्वास घ्यायला वर यावं लागतं. ट्रॉलच्या जाळ्यात अडकलं आणि जाळं तासन्‌तास ओढलं गेलं की ते गुदमरून मरतं. जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट देणारी ‘टेड’ नावाची जाळीदार चौकट असते. ती न वापरण्यावरून अमेरिकेने भारतीय समुद्रातल्या कोळंबीवर १९९६मध्ये निर्बंध घातले, वाद जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि २०१९मध्ये निर्बंध पुन्हा आले. कासवासाठी सह्या गोळा करून जे झालं नाही ते कोळंबीच्या निर्यातीमुळे चर्चेत तरी आलं. मच्छीमारांची तक्रार अशी की चौकटीतून मासळीही निसटते. तिच्यात तथ्य आहे, आणि ती तक्रार धुडकावून कुठलंच प्रबोधन होणार नाही.

पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते ती १ जून ते ३१ जुलै, पावसाळ्यात. कासवांच्या माद्या किनाऱ्याजवळ असतात नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे बंदीचा कासवाला थेट उपयोग जवळजवळ शून्य. ओडिशात विणीच्या जागांलगत १ नोव्हेंबर ते ३१ मे अशी सात महिन्यांची बंदी असते, आणि तिथल्या पारंपरिक मच्छीमारांच्या पोटावर तिचा पाय पडतो हेही तितकंच खरं. आपल्याकडे माद्या विखरून येत असल्याने तशी सरसकट बंदी आणणं अन्यायाचं आणि निरुपयोगी ठरेल.

या बाजूला महाराष्ट्रात जे एक पाऊल पडलं ते मला वेळासच्या पहिल्या निर्णयाचं सख्खं भावंड वाटतं. २०१८पासून कांदळवन विभागाची भरपाई योजना आहे. जाळ्यात कासव, व्हेल शार्क किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फोटोसह कळवल्यावर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. जाळं म्हणजे मच्छीमाराची मोठी गुंतवणूक. ते कापायला सांगणाऱ्याने किंमत मोजली पाहिजे, हे तत्त्व इथे मान्य झालं. शिवाय त्या फोटोंमधून कोणत्या समुद्रात कोणता जीव कधी दिसतो याची नोंदही तयार झाली. पुळणीवर अंडी शोधणाऱ्याकडून जशी माहिती आली, तशीच इथे खलाशाकडून येते.

प्रथमा आणि ओडिशाची पाहुणी

२५ जानेवारी २०२२ला वेळासच्या पुळणीवर अंडी घालून निघालेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन कक्षाचा हा प्रकल्प. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंसाठी असं पहिल्यांदाच होत होतं, म्हणून तिचं नाव प्रथमा. पाठोपाठ आंजर्ले आणि गुहागरच्या माद्यांनाही ट्रान्समीटर लागले, सावनी, वनश्री, लक्ष्मी आणि रेवा. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री आणि गुहा. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या समुद्राकडे गेली. बागेश्री दक्षिणेला जात जात श्रीलंकेपर्यंत पोचली. नावं ठेवण्याने झालं असं, की एरवी ‘कासव’ या एका शब्दात मावणारा जीव लोक नकाशावर रोज शोधू लागले. आज बागेश्री कुठे, ही चौकशी चहाच्या टपरीवर होत असे.

त्याहून मोठी बातमी जानेवारी २०२५च्या अखेरीस गुहागरला आली. अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला होता. तो २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व किनाऱ्यावरची आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, आपापल्या किनाऱ्याला बांधलेली, असं समजून आपण चाललो होतो. ही मादी हजारो किलोमीटर पोहत कोकणात आली आणि तिने इथे घरटं केलं. ती ओळखू आली ती गुहागरच्या पुळणीवर त्या रात्री गस्त होती म्हणून. २००२ची टरफलं पाहून कुणी फक्त तक्रार अर्ज लिहिला असता, तर त्या बिल्ल्यावर कुणाची नजर पडली नसती.

पुढची कामं साधी आणि कंटाळवाणी आहेत. पावसाळ्यात आणि हंगामात किनाऱ्याला लागणाऱ्या मेलेल्या आणि जखमी कासवांची नोंद अंड्यांइतक्याच कसोशीने, तारीख, जागा आणि जखमेच्या प्रकारासह ठेवणं हे पहिलं. जाळ्यात वल्हं तुटलेली कासवं डहाणूच्या उपचार केंद्रात येतात, त्यांची माहिती किनाऱ्यावरच्या नोंदीशी जोडणं हे दुसरं. हॅचरीच्या आवारात तापमापक पुरून रोजचं तापमान लिहिणं, हे तिसरं, आणि ते दहावीतली मुलगीही करू शकते. सागरी महामार्गाचे पूल पूर्ण झाले की मुंबईहून इथवरचा रस्ता सोपा होईल, बाहेरच्यांच्या जमिनी वाढतील आणि पुळणीसमोर रात्रभर दिवे लागतील. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे जातात. दिव्याचा उजेड पाण्यापेक्षा जास्त झाला की ती रस्त्याकडे चालू लागतात. दिव्यांबद्दलचा ठराव ग्रामपंचायतीने करायचा असेल तर तो पहिल्या रिसॉर्टच्या आधी करायला हवा, नंतर करणाऱ्याला ठराव कमी आणि कोर्टाच्या तारखा जास्त मिळतात.